मेट्रनबाई आणि प्रभुभोजनाचा पाव

आमच्या शेजारच्या मेट्रनबाईंना भिणार नाही असा माणूस श्रीरामपुरात अजून जन्माला यायचा आहे. दवाखान्यात डॉक्टर त्यांना भ्यायचे, आणि बाई वॉर्डात शिरल्या की बाळंतिणी ओरडणं थांबवायच्या म्हणतात. निवृत्त झाल्या तरी सवय गेली नाही. कुणाकडे चहाला गेल्या की आधी साखरेचा डबा उघडून बघणार, मग बसणार. माझ्या नातवाच्या साखरपुड्यात त्यांनी मुलीच्या काकाच्या हातातली जिलबी काढून घेतली. "शुगर किती तुमची? तोंडाला कुलूप लावा!" काका त्यांना ओळखतही नव्हता, पण त्याने निमूट दिली. ती जिलबी मग बाईंनीच खाल्ली. दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या तोंडाला साधी कडीही नव्हती. त्या बसल्या की रिक्षा एका अंगाला कलायची. मी त्यांच्या रिक्षात बसत नसे.

पुढे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी पुण्याला जाऊन ऑपरेशनने पोट लहान करून घेतलं. सोबत मला नेलं, कारण मी इकडचं तिकडे करत नाही. लोकांना सांगितलं, पित्ताचे खडे काढले. "आक्का, जन्मभर लोकांना खाऊ नका म्हणून ओरडले, आणि माझंच पोट कापावं लागलं. कुणाला कळलं तर तोंड कुठं दाखवू?" हळूहळू त्यांना वरण, अंडी, मासे, भाकरीचा पापुद्रा, सगळं पचू लागलं. पाव तेवढा चालेना. मऊ पाव आत गेला की ओल्या पिठाचा गोळा होऊन छातीत बसायचा. डोळ्यांना पाणी, तोंडाला लाळ, आणि मग मोरी गाठायची.

घरी पाव टाळता येतो, चर्चमध्ये कसा टाळणार? आम्ही ख्रिस्ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब हातावर पावाचा तुकडा ठेवतात, तो खायचा, वर घोटभर द्राक्षरस घ्यायचा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाईंनी तो तुकडा खाल्ला आणि तोंडाला पदर लावून बाजूच्या दाराने पळाल्या. पुढच्या वेळेपासून त्या जागेवरच बसून राहू लागल्या. आता आमच्यात असं आहे, की मनात कुणाबद्दल राग असेल तर आधी समेट करावा, मगच तो तुकडा घ्यावा. त्यामुळे बाई उठत नाहीत म्हणजे त्यांचं कुणाशी तरी वाजलं आहे, असं सगळ्या मंडळीने धरलं. आणि ज्याने त्याने आपलंच मन तपासलं.

पहिली आली कोपऱ्यावरची सुमन. "बाई, माफी करा. तुमच्या कानावर गेलं वाटतं. म्या तुमाला टँकर म्हणले हुते."

बाईंच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. मग चर्चमध्ये गाण्यांना पेटी वाजवणारा पेटीवाला आला. सहलीला टेम्पोचा टायर बसला, तेव्हा त्याने बाईंचं नाव घेऊन सगळ्यांना हसवलं होतं. एका सुनेने सांगितलं की बाई येताना दिसल्या की ती चांगली खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवते. मी तिथेच लसूण सोलत बसलेली असायची. बाई प्रत्येकाला चहा द्यायच्या, माफ केलं म्हणायच्या, आणि माणूस हलका होऊन जायचा. दार लागलं की बाई पलंगावर बसायच्या.

"आक्का, यांनी सगळं ओकून टाकलं. मी मात्र गप्प. चोर मीच."

"मग सांगून टाका की."

"हसतील गं."

"माघारी हसतच हुते. आता तोंडावर हसतील."

शेवटी पाळकसाहेबच आले. म्हातारा माणूस, उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, माझ्याकडून काय चुकलं?" बाईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

त्या रविवारी बाई चर्चमध्ये उठल्या. वॉर्ड हलवणारा आवाज, पण मागच्या बाकापर्यंत पोचेना. "माझा कुणावर राग नाही. खडे नव्हते. लठ्ठपणासाठी पोट कापून घेतलं. पाव उतरत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले." मग सुमनचा आवाज आला, "अगं बया! आन् मी उगं टँकर सांगून बसले!" सगळं चर्च हसलं. बाई हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

आता बायका त्यांचा तुकडा तव्यावर कडक भाजून आणतात. तसा उतरतो, पण फार बारीक चावावा लागतो. सगळ्यांचं होतं, बाईंचं चालूच असतं. पाळकसाहेब पुढची प्रार्थना धरत नाहीत, पेटीवाला हात मांडीवर ठेवून बसतो. कुणी घाई करत नाही, आणि त्याचीच बाईंना जास्त लाज वाटते. त्या मान वर करत नाहीत. मी शेजारी असते, पण त्यांच्याकडे बघत नाही. एवढ्या मोठ्या बाईने एवढासा घास इतका भीत भीत खावा, हे बघायची मला अजून सवय झालेली नाही.