धाकटीच्या खुर्चीची गादी

माझे सासरे कुशनचं काम करतात. सोफे, खुर्च्या, मोटारीच्या सीट, जे काही बुडाखाली येतं ते सगळं त्यांच्या अखत्यारीत. मुलीसाठी मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या सोफ्यावर तळहात दाबला, तोंड वाकडं केलं आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसले. लग्न ठरलं, पण त्याआधी सोफा त्यांच्या कारखान्यात जाऊन पुन्हा भरून आला. आपल्या हातची नसेल त्या बैठकीवर हा माणूस सहसा टेकत नाही, आणि टेकलाच तर त्याचा डोळा लागत नाही.

अशा माणसाला घेऊन परदेशात लांब पल्ल्याच्या रेल्वेने जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी एकदा कंपनीतर्फे परदेशी जाऊन आलो होतो. तिथे आम्हाला झेंडा धरलेल्या बाईच्या मागून रांगेत फिरवलं होतं, हे घरी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

जायचं कारण होतं धाकटी, माझी मेव्हणी. ती लहानपणापासून बापाच्या कारखान्यात राबली. खोळी शिवायची, पट्टे ताणायची, खिळे ठोकायची. पण आत कापूस आणि काथ्या भरायचं काम सासरेबुवा कुणालाच देत नसत. एकदा ते कुणाच्या लग्नाला गेले असताना तिने एका गिऱ्हाइकाचा सोफा स्वतःच भरून टाकला. हे परत आले, तळहात दाबला आणि गिऱ्हाइकाच्या देखत अख्खा सोफा उसवला. धाकटीने खाली पडलेला कापूस गोळा केला. पुढे ती परदेशी एका कारागिराकडे कामाला गेली, आणि आता तिथेच स्वतःचं दुकान काढत होती.

तिचा फोन आला. "बाबा, पुढच्या महिन्यात दुकान उघडतेय, दुपारी. यायचं तर या. पण माझ्या कामाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," सासरेबुवा म्हणाले. फोन ठेवला आणि दुकानाची मालकीण म्हणून ती ज्या खुर्चीवर बसणार, त्या खुर्चीसाठी गादी करायला बसले.

"बाबा, नुसती खोळ न्या ना," माझी बायको म्हणाली. "भरू दे की तिला."

"आणि मधे खड्डा पडला म्हणजे?"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. गादी भरली गेली, उसवली गेली, पुन्हा भरली गेली. विमानात ती सासरेबुवांच्या मांडीवर होती आणि माझ्या मांडीवर त्यांची हत्यारांची पिशवी. मोठी दाभणं आणि कात्री तेवढी त्यांनी रडतखडत मोठ्या बॅगेत टाकू दिली.

परदेशातल्या गाड्या घड्याळ लावून धावतात असं ज्यांनी मला सांगितलं होतं, त्यांना एकदा समोर उभं करायचंय. आमची गाडी सुटलीच उशिरा. मग रात्रभर रखडत, दम खात, सकाळी एका माळावर येऊन जी थांबली ती थांबलीच. खरं तर तेव्हा आम्ही धाकटीच्या गावात पोचायला हवं होतं. बाहेर मेंढ्या चरत होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. डब्यात आधी भट्टीसारखं उकडलं, मग कुणी तरी कळ फिरवली आणि दात वाजायला लागले. खानपानाच्या गाडीवर चिवट बिस्किटांखेरीज काही उरलं नव्हतं. अधूनमधून घोषणा व्हायची. ती संपली की सगळा डबा एकदम सुस्कारा सोडायचा. आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, पण एकटं पडायला नको म्हणून आम्हीही मागोमाग सुस्कारा सोडायचो.

"जावईबापू, पोचू ना हो दुपारपर्यंत?" सासरेबुवांनी विचारलं.

"पोचू की!" मी म्हणालो. कशाच्या जोरावर, ते विचारू नका.

"मी मुद्दाम आलो नाही असं वाटेल तिला," ते म्हणाले, आणि मांडीवरची गादी थोपटत बसले. मला त्यांची कीव आली. त्याच वेळी माझ्या कमरेत सीटची स्प्रिंग घुसली, म्हणून कीव फार वेळ टिकली नाही.

समोर एक काठीवाल्या आजीबाई होत्या. त्यांची सीट इतकी खचली होती की त्या तिच्यात बसल्या नव्हत्या, पडल्या होत्या. दर थोड्या वेळाने कण्हत त्या कूस बदलायच्या. सासरेबुवांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग डोळे मिटले. पण त्यांचा तळहात शिवशिवत होता, ते मला दिसत होतं.

"बाबा, नाही हं," मी बजावलं.

"नुसतं बघतो."

त्यांनी हातवारे करून आजींना माझ्या जागेवर बसवलं, म्हणजे मी उभा राहिलो. मोठी बॅग उघडली, कात्री काढली आणि बघता बघता परक्या देशाच्या रेल्वेची सीट टराटरा उसवली. आतल्या फोमचा पार भुगा झाला होता.

"अरेरे," सासरेबुवा म्हणाले. "केव्हाचा मेलाय हा!"

आता भरायचं काय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगातला स्वेटर घट्ट धरला, पण बॅगेतला वाचवू शकलो नाही. तो सीटमध्ये गेला आणि कोपऱ्यातसुद्धा पुरला नाही. मग त्यांनी धाकटीच्या गादीकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, आणि ओठ आवळून गादीची शिवण उसवली.

नेमका तेव्हाच तिकीट तपासनीस आला. फाटलेली सीट, हातात वीतभर दाभण घेतलेला म्हातारा, सगळीकडे कापूस. तो ओरडायला लागला. मला आता आम्ही दोघं तुरुंगातच दिसायला लागलो. पण आजी त्याच्यावर दुप्पट आवाजात ओरडल्या. सासरेबुवांना दोन्ही भाषणांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि आजींना बसवलं. आजी बसल्या आणि "आऽऽह" म्हणाल्या. हे मात्र आम्हाला कळलं.

तपासनीसाने आजींना उठवलं आणि स्वतः बसून पाहिलं. बराच वेळ तो उठेना. उठला तो सासरेबुवांचा दंड धरून त्यांना घेऊन गेला. मी मागून "सॉरी, सॉरी" करत धावलो. डब्याच्या टोकाला त्याची स्वतःची घडीची खुर्ची होती, पार चपाती झालेली. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं आणि कमरेवर हात ठेवून केविलवाणं तोंड केलं. गादीतला उरलासुरला कापूस तिथे गेला.

गाडी हलली तेव्हा दुपार टळून गेली होती. सासरेबुवांच्या मांडीवर रिकामी खोळ होती, सुरेख शिवलेली.

"काय तोंड दाखवू तिला?" ते म्हणाले.

दुकानात पोचलो तेव्हा पाहुणे कधीच गेले होते. धाकटी एकटीच कपबशा आवरत होती. कोपऱ्यात मालकिणीची खुर्ची होती, नुसते पट्टे ताणलेली. तिच्यावर अजून कुणी बसलं नव्हतं.

"उशीर झाला," सासरेबुवा म्हणाले.

"दिसतंय ना मला." धाकटीने हातातली बशी आपटली. "हे काय आहे हातात?"

त्यांनी खोळ पुढे केली. तिने आत हात घालून पाहिला.

"आतलं कुठे गेलं?"

"गाडीत एक बाई होत्या. त्यांची सीट... मग तो तपासनीस..." सासरेबुवा अडखळले. मग खाली बघत म्हणाले, "तूच भर."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. ती पोत्यातून कापूस काढून जमिनीवर बसली आणि भरायला लागली. सासरेबुवा शेजारी उभे राहिले. दोनदा त्यांचा हात पुढे आला. दोनदा त्यांनी तो दुसऱ्या हाताने मनगटाला धरून मागे ओढला. शिवण घालून तिने गादी खुर्चीवर ठेवली.

"बसा."

त्यांनी तळहात उचलला. धाकटीने श्वास रोखला, मीही रोखला. मग त्यांनी तो हात खिशात घातला आणि मुकाट्याने बसले.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

ते काही बोलले नाहीत. तिने पुन्हा विचारलं. आम्ही वाकून पाहिलं, तर त्यांची मान छातीवर कलली होती आणि ते चक्क घोरत होते.

धाकटी किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग डोळे पुसून माझ्यावरच खेकसली, "भाऊजी, जरा हळू बोला ना."

मी एक शब्दही बोललो नव्हतो. पण मी मान डोलावली आणि गप्प राहिलो.