सांगून गेलो : विष्णुपुरीला, रेणुकाच्या हातचं इटालियन जेवायला

"इटालियन खायला नांदेडला चाललीस?" आमच्या शाळेतल्या एक बाई हसून म्हणाल्या. त्यांची लेक पुण्यात असते, त्यामुळे खाण्यापिण्यात शेवटचा शब्द त्यांचाच. "अगं, नांदेडात पिझ्झा म्हणजे पावावर पनीर!"

मी म्हटलं, हो, नांदेडलाच. आणि जळकोटहून स्वतः गाडी चालवत.

गाडी मी गेल्या वर्षी शिकले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. अजून रिव्हर्स घेताना जीभ बाहेर येते, पण सरळ रस्त्यावर मी कुणाचं ऐकत नाही. ही माझी पहिली लांबची फेरी. नवऱ्याने टाकी भरून दिली, हवा तपासली, "पोचलीस की फोन कर" म्हणाला आणि पोरांना घेऊन घरी थांबला. सोबत होती माझी आई, सिंधूबाई, वय एकाहत्तर. खायचं तर आम्हाला होतंच, पण खरं कारण वेगळं होतं.

ते इटालियन हॉटेल माझ्या मावसबहिणीचं आहे. रेणुकाचं. तिला इस्लापूरला दिली होती. लग्नाच्या सहाव्या वर्षी नवऱ्याने दुसरी बायको घरात आणली आणि हिला म्हणाला, तूही राहा, काम कर, खा. रेणुका राहिली नाही. माहेरी आली तर तिचा थोरला भाऊ बालाजी म्हणाला, परत जा. स्थळ त्यानेच आणलेलं, त्यामुळे त्याला ती आपलीच नाचक्की वाटली असावी. ती परत गेली नाही, पुण्याला गेली. तिथे एका इटालियन हॉटेलात भांडी घासायला लागली, मग पीठ मळायला, मग चुलीपाशी. आठ वर्षं. दोन वर्षांपूर्वी परत आली आणि विष्णुपुरीला कॉलेजच्या रस्त्यावर सहा टेबलांचं हॉटेल काढलं. तेव्हा बालाजीने भावकीत जाहीर केलं, "जो तिच्या हॉटेलात जेवंल, त्यानं माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई."

आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मीसुद्धा. दोन वर्षं फोनवर बोलायचे, पण गेले नव्हते. एका रविवारी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मरायच्या आधी त्या पोरीच्या हातचं खायचंय मला. नेतीस का?" एवढंच ठरवायचं होतं, ते तिने ठरवलं.

शनिवारी सकाळी सातला, एका मुक्कामाच्या तयारीने निघालो. रस्त्याचं सांगते, कारण तुमच्यातले पुष्कळ जण तेच विचारतील. जळकोटहून जांब, जांबहून कंधार, कंधारहून लोहा, आणि लोह्याला नांदेड-लातूर हमरस्ता लागतो. जांबपर्यंत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही, खड्डे इतके की आईने देवाचं नाव घेणं सोडून खड्डे मोजायला घेतले. पुढे बरा आहे. लोह्यानंतर तर सुसाट. विष्णुपुरी नांदेडच्या अलीकडेच आहे, शहरात शिरायचं कामच नाही. एसटीने येणार असाल तर लातूरहून नांदेडला जाणारी गाडी धरा आणि विष्णुपुरीला उतरा. बायकांना तिकीट अर्धं आहे, हे कारण पुरेसं नसेल तर दुसरं कुठलं देऊ?

कंधारच्या अलीकडे आईच्या धाकट्या बहिणीचं गाव आहे. कुसुममावशी, म्हणजे रेणुकाची आई. तिला बघून, चहा घेऊन पुढे जायचं, एवढाच बेत होता. तिला आम्ही काही सांगणार नव्हतो. बालाजीच्या घरात राहते, तिला कशाला अडचणीत टाका?

पण मावशीने आईच्या अंगावरची नवी साडी बघितली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"कुठं चालल्या?"

"डोळे दाखवायला. नांदेडला," आई म्हणाली.

"डोळ्याला इरकल नेसून?"

आईने चहाचा घोट घेतला. मावशी उठली, आत गेली आणि पाच मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर आली. बालाजी अंगणात फवारणीचा पंप धूत होता. मी हळूच म्हटलं, "मावशी, त्याला सांगू, तू पण डोळेच दाखवायला येतीस."

"कामून?" मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा चौथीत गेले. "चोरी करून राहिलो का आपण?" आणि अंगणात जाऊन सरळ म्हणाली, "बाळू, मी रेणुकाकडं जेवायला चालले. उद्या येते."

बालाजीचा पंप हातातच राहिला. "माय, मी काय बोललो होतो ते ध्यानात हाय ना?"

"हाय की. दोन वर्षं ध्यानात ठिवलं. आता बास झालं."

तो पुढे काही बोलायच्या आत ती गाडीत येऊन बसली आणि दार असं आपटलं की काच हलली. कंधार आलं. मग मावशी म्हणाली, "जरा पाणी दे गं," आणि अर्धी बाटली एका दमात संपवली.

साडेअकराला विष्णुपुरीला पोचलो. हॉटेल शोधायला नकाशा लागत नाही. कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानांच्या रांगेत एक पांढरी पाटी आहे, त्यावर काळ्या ठळक अक्षरांत फक्त एवढंच: "इटालियन जेवण मिळेल". खानावळीसारखं. बाहेर बोगनवेल नाही, लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ नाहीत. आत सहा टेबलं, स्टीलचे ग्लास, भिंतीला चुना आणि मागच्या बाजूला विटांची भट्टी, जी गल्ल्यावरून सरळ दिसते. पोरं-पोरी बसलेली, दोन प्राध्यापक, आणि कोपऱ्यात एक धोतरवाले आजोबा आपल्या इंजिनिअर होणाऱ्या नातीबरोबर पिझ्झा खाताहेत, तोही भाकरीसारखा मोडून.

रेणुकाला मी आणि आई येणार हे माहीत होतं. तिची माय येणार हे नव्हतं.

ती भट्टीपाशी होती. कोपरापर्यंत पीठ, डोक्याला रुमाल. मला बघून हसली आणि मग माझ्या मागे बघितलं. हसू तिथेच थांबलं. हातातली लाकडी पळी तिने खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

मावशी तिच्याकडे गेली नाही. सरळ खिडकीजवळच्या टेबलापाशी गेली, खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि बसली.

"गिऱ्हाईक हाय मी," ती म्हणाली. "काय काय हाय ते सांग."

रेणुका वही-पेन घेऊन आली. मी तिला दहावीच्या निकालाच्या दिवशीही इतकी घाबरलेली पाहिलेली नाही. "माय..." एवढंच निघालं.

"ते मागून. आधी सांग."

मग रेणुकाने सांगितलं. भाज्यांचं सूप. टोमॅटोचा पास्ता, लसूण-तेलाचा पास्ता, हाताने कापलेला. बटाट्याचे गोळे लोण्यात परतून. चार तऱ्हेचे पिझ्झे. भाताचा एक प्रकार, फक्त शनिवार-रविवार. गोडात कॉफीचं पुडिंग. पास्ता एकशे साठ, पिझ्झा एकशे ऐंशीपासून. सांगता सांगता तिचा आवाज हळूहळू तिचा झाला. मावशी मान हलवत ऐकत राहिली, जणू सोयरिकीची बोलणी चाललीत.

"समदं थोडं थोडं आण," ती म्हणाली.

आता खाण्याबद्दल. मी इटलीला गेलेले नाही, रेणुकाही नाही. पण टोमॅटोचा पास्ता तोंडात गेला आणि मला पहिल्यांदा कळलं की टोमॅटोला स्वतःची चव असते. कांदा नाही, गरम मसाला नाही, हळद नाही. टोमॅटो, लसूण, तेल, मीठ आणि वर हिरवी पानं. पट्ट्या दाताखाली किंचित ताठ. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, याला थोडा तडका मारून द्या ना, फिक्कं लागून राहिलं." रेणुका तिथूनच म्हणाली, "लाल चटणी बाजूला देते, पाहिजे तेवढी घे. पण माझ्या कढईत जाणार नाही." मुलाने चटणी घेतली. दोन घास खाल्ले आणि पुढचे बिनचटणीचे.

मावशीने हिरवं पान बोटाने उचललं. कपाळाला आठी. "तुळस घालतीस जेवणात?"

"तुळस न्हाई माय. सब्जा हाय. उन्हाळ्यात बिया भिजवून पितो ना आपण, त्याचं झाड. मागं कुंडीत लावलंय."

मावशीने पान हुंगलं, तोंडात टाकलं. मग पट्ट्यांकडे वळली. "वरणफळंच हायेत की ही."

"न्हाईत," रेणुका पटकन म्हणाली, आणि पहिल्यांदाच मायच्या डोळ्यात बघून. "वरणफळं वरणात शिजतात. ही वेगळी उकडतात, अन् रस्सा मागून. पीठ वेगळं, मळणं वेगळं. दीड वर्ष मळायला शिकले मी. वरणफळं म्हणू नको."

 मावशीने आणखी एक घास घेतला, सावकाश चावला.

"बरं," ती म्हणाली. "न्हाई म्हणत."

तेवढ्यात समोरच्या टेबलावरून एक जण उठून आले. मावशीच्या गावचेच, पोराला कॉलेजात भेटायला आलेले. "कुसुमवहिनी ना? हितं कशा? बालाजीला ठावं हाय का?"

"ठावं हाय," मावशी म्हणाली. "तुम्ही बी खाऊन राहिले ना? तुम्ही कुणाला पुसून आले?"

ते हसले, पण बाहेर जाऊन फोन लावलाच. दोन मिनिटांत माझ्या फोनवर बालाजीचं नाव. मी घेऊ की नको करत होते, मावशीने हात पुढे केला. तिने फोन कानाला लावला तेव्हा रेणुका भट्टीपाशी पाठ करून उभी होती, पण हात थांबले होते.

"हां बाळू. हाव, जेवून राहिलो. न्हाई, उठत न्हाई. जेवताना उठायचं नसतं, तुलाच शिकवलं होतं. ठिवते."

फोन टेबलावर ठेवून तिने ताट पुढे ओढलं आणि पोरीला हाक मारली. "रेणे, इकडं ये. मीठ बरोबर पडलंय."

आमच्याकडे आया याहून जास्त कौतुक करत नाहीत. रेणुका आली, मायच्या मांडीवर डोकं ठेवून खाली फरशीवर बसली आणि पीठभरल्या हातांनी रडली. मावशीची निळी साडी पांढरी झाली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पिझ्झा खा, गार होईल." मी खाल्ला. कडा करपल्यासारख्या, मधे मऊ, चीज थोडंसंच. ते चीज हैदराबादहून येतं. रडत रडत खाल्लेल्या पिझ्झ्याचं परीक्षण लिहिता येत नाही, पण चांगला होता.

संध्याकाळी आम्ही चौघी धरणाकडे फिरायला गेलो. मी रेणुकाला विचारलं, पुण्यातच का नाही काढलंस, चार पैसे जास्त मिळाले असते.

"पुण्यात मला कोण ओळखतं, ताई?" ती म्हणाली. "तिथं चाललं काय न् बंद पडलं काय. सगळे म्हणाले लातूरला काढ, नाहीतर पुण्यातच राहा. मला हितंच काढायचं होतं. ज्यांनी मला जाताना बघितलं, त्यांच्या तोंडासमोर."

मुक्काम तिच्याच दोन खोल्यांत झाला. सकाळी मायलेकी पीठ मळत होत्या. रेणुका मावशीला मळू देत होती, पण दर दोन मिनिटांनी "तसं न्हाई, असं" म्हणत होती, आणि मावशी ऐकत होती. दहाला निघालो.

परतीच्या रस्त्यावर मी गाडी मुद्दाम हळू चालवली. मावशीच्या दारात गाडी थांबली तेव्हा बालाजी ओसरीवर बसला होता. उठला नाही.

"तिकडंच ऱ्हायचं होतं," तो म्हणाला.

मावशी पिशवी घेऊन उतरली. उंबऱ्यापाशी थांबली, पण आत जायची परवानगी मागायला नाही.

"बाळू, तुझे बाप गेल्यावर सातबाऱ्यावर तुझ्या नावाच्या वर माझं नाव लागलंय. अन् रेणूचं बी हाय, खाली. तलाठ्याकडं जाऊन बघून ये. ह्या घरात कोण येणार ते एकट्यानं ठरवू नको." आणि आत गेली. जरा वेळाने आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. बालाजी कितीतरी वेळ आमच्या गाडीच्या चाकाकडे बघत बसला. मी गाडी रिव्हर्स घेतली, आणि पहिल्याच झटक्यात नीट घेतली.

याला दीड महिना झाला. बालाजीने आपल्या धाकट्याच्या जावळाला आम्हाला बोलावलं नाही. आईला लागलं ते, खोटं कशाला सांगू? चार दिवस नीट जेवली नाही. इतक्या वर्षांचं जाणं-येणं एका जेवणापायी तुटलं, असं भावकीत बोलतात. ते जेवणापायी तुटलं नाही, हे मी आता कुणाला समजावत बसत नाही. घरी मी दोनदा तो पास्ता करून बघितला. एकदा लगदा झाला, एकदा चामडं. दीड वर्ष मळायला शिकली म्हणाली ते का, हे कळलं. लेक पुण्यात असणाऱ्या शाळेतल्या बाईंना मी पत्ता लिहून दिलाय, जायचं तर जा म्हटलं.

परवा संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बालाजीची बायको होती, सुनीता. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण तिचा मला हा पहिलाच फोन. मला वाटलं, भांडायला केलाय.

"ताई," ती म्हणाली, "पुढल्या रविवारी तुम्ही अन् सासूबाई जाणार हायेत ना नणंदबाईंकडं?"

मी हो म्हटलं.

"मग गाडीत माझी बी जागा धरा. यायलेय मी. ह्यांना सांगितलंय."