धरणातला सरपंच

धरणाच्या भिंतीखाली टपरी टाकली तेव्हा वाटलं होतं, आपण चहा विकणार. विकतोच म्हणा, पण मासे धरणाऱ्यांच्या संगतीत गल्ल्यापेक्षा किस्सेच जास्त जमतात! देऊळगाव राजाकडचं आमचं हे पाणी उन्हाळ्यात पार तळाला जातं, किस्से मात्र आटत नाहीत. त्यातले निम्मे एकट्या किसनकाकांचे.

काकांना बोट-बिट काही नाही. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेला तराफा, त्यावर मांडी घालून बसायचं आणि हातानं पाणी मारत निघायचं. वय झालंय, पण पाण्यावर कुणाचं ऐकत नाहीत.

*

एकदा सरकारी खात्यानं सगळ्यांना लाइफ जॅकेट वाटली. दुसऱ्या दिवशी बघतो तर काका उघडेच, आणि जॅकेट जेवणाच्या डब्याला गुंडाळलेलं! त्यांचा मुलगा गजानन काठावरून ओरडला, "बाबा, ते अंगात घाला ना!"

काका म्हणाले, "मले पोहता येते. भाकरीले येत नाही!"

*

जालन्याहून एक साहेब मासे घ्यायला आले. मासा उलटा करून बघ, कल्ले उघडून बघ, वास घे. वर पुन्हा, "ताजा आहे ना नक्की?"

काका म्हणाले, "साहेब, तुम्ही सकाळी एसटीत बसले, हा आत्ता पाण्यातून निघाला. तुमच्या दोघात शिळं कोण, तुम्हीच सांगा!"

साहेबांनी दोन मासे घेतले.

*

धरणात एक मोठा कटला मासा आहे. काकांची जाळी त्यानं कितीदा फाडली असतील! त्याचं नाव काकांनी ठेवलं सरपंच. मी विचारलं, "सरपंच काऊन हो?"

"आहे म्हणतात, पण कामाच्या वक्ती कोणाले दिसते का?"

आमचे खरे सरपंच तेव्हा बाकावर चहा पीत होते. तेसुद्धा हसले, काय करणार!

*

मागच्या हिवाळ्यात काका जाळं ओढताना घसरून पाण्यात पडले. पाय जाळ्यात अडकला होता. गजाननानं उडी मारून त्यांना काढलं. टपरीवर आणून शेकोटीपाशी बसवलं, आणि एवढा मोठा गडी, रडायलाच लागला.

"बस झालं बाबा. आता पाण्यात जाऊ नका. माह्यानं पाहवत नाही."

काकांनी शेकोटीत एक काटकी सारली. मग म्हणाले, "सरपंच घावला की तराफा तुह्या हवाली. मंग पाण्याले पाय लावणार नाही. शब्द देतो."

काकांनी दिलेला शब्द कधी मोडलेला नाही, हे आख्ख्या काठाला माहीत. मला आपलं उगीच वाईट वाटलं.

*

आणि परवा सरपंच घावला!

भर दुपारी तराफा आपोआप सरकायला लागला. काकांनी जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली, पाय पोत्यात रोवलेले. मासा ओढतोय, काका ढील देतायत, पुन्हा ओढून घेतायत. काठावर आम्ही सगळे ओरडतोय, "सोडू नका, काका!" गजानन दुसरा तराफा घेऊन निघाला, पण तो पोचायच्या आतच मासा थकला. काळी पाठ वर आली. केवढी होती म्हणून सांगू! काका वाकले, तिच्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

मग एकदम पाणी उसळलं आणि दोरी सैल पडली.

काठावर येऊन काका म्हणाले, "फाडून गेला बे!"

सगळे हळहळले. गजाननानं जाळं पसरून भोक शोधलं. लहानपणापासून तो जाळी शिवतोय. ओढून तुटलेला धागा कुठे आखूड, कुठे लांब राहतो, टोकाशी पिळवटतो. हे सगळे धागे एका रेषेत होते, साफ कापलेले. मी पाहिलं. त्यानंही बोट फिरवून पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. काका खाली मान घालून चहा फुंकत होते.

गजानन मांडी घालून खाली बसला, जाळं मांडीवर ओढलं.

"हाव बाबा, लय जोर होता त्याले. उद्या जाड सूत लावू."