मन्मथ गोष्ट सांगत नसे

एका सकाळी लातूरहून महानंदा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मला आधी वाटलं, मन्मथच बायकोच्या आडून चेष्टा करतोय... माझा स्वभावच असा. समोरचा सरळ बोलला तरी त्यात काय दडलंय ते मी शोधत बसतो.

मन्मथ लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला, मी नांदेडच्या कॉलेजात मराठी. आमची मैत्री म्हणजे खरं तर एक लांबलेलं भांडण. गेल्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे एक सिनेमा घेऊन आला. एका जगप्रसिद्ध चित्रकारावरचा ॲनिमेशनपट, एकेक दृश्य हातानं रंगवलेलं. झाडं, घरं, माणसांचे गाल, सगळं ओल्या रंगासारखं हलत होतं. मन्मथ लॅपटॉपपुढं मांडी घालून हरखून बसला होता. मला मात्र संशय येऊ लागला. एवढी सजावट कशाला? चित्रकार उपाशी राहतो, आजारी पडतो, मरतो... संपली गोष्ट.

"गोष्ट लंगडी असली की रंग जास्त फासतात," मी म्हणालो.

"तू लई संशयी हायस. रंग बघ की. गोष्ट काय, कुणीबी सांगतंय."

"अरे, पण त्याला झालं काय होतं, तेसुद्धा सांगत नाहीत."

मन्मथनं सिनेमा थांबवला. "त्यानंच सांगितलं नसंल कुणाला," म्हणाला, आणि सिनेमा मागं नेऊन त्यातलं एक पिवळं शेत पुन्हा बघत बसला.

त्यानंतर तो वरचेवर नांदेडला यायला लागला. म्हणे, ग्रेड परीक्षेची चित्रं तपासायला. परीक्षा कधीच उरकल्या होत्या, आणि निवृत्त माणसाला बोलावतं कोण? माझी खात्री झाली की हा गुपचूप कुणाला तरी चित्रं विकतोय. खोदून विचारलं की तो चहाला नावं ठेवायचा, नाहीतर त्या सिनेमाचा विषय काढायचा. मग आम्ही बस सुटेपर्यंत भांडायचो.

वहिनींचा फोन आल्यावर लातूरला पोचलो, तेव्हा त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे मन्मथला बसवलेलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. बसलेला माणूस गेलेला वाटतच नाही. आता हा काहीतरी उलट बोलेल, असं मला सारखं वाटत होतं. तिथंच कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं, नांदेडच्या दवाखान्यात त्याचे उपचार चालू होते. रडू यायच्या आधी मला राग आला. माझ्याच गावात येऊन माझ्याशीच खोटं? माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता त्याचा?

ते डोक्यातून जाईना. गेल्या आठवड्यात पुन्हा लातूरला गेलो आणि वहिनींना विचारलंच. पाण्याचा तांब्या पुढं ठेवत त्या म्हणाल्या, "मी लई मागं लागले, भाऊजींना सांगा म्हणून. तर म्हणले, त्याला कळलं की तो नुसती तब्येत इचारत बसंल. भांडायचा न्हाई."

सवयीनं मी यातही काही दडलंय का ते शोधलं. काहीच नव्हतं.

मागच्या खोलीत स्टँडवर त्याचं अर्धवट चित्र तसंच आहे. काळी जमीन, एक बाभूळ, वर हिरवट आभाळ. बराच वेळ मी त्याच्यापुढं उभा होतो. डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणालो, "आभाळ असं हिरवं कुठं असतं रे?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी थांबलो नाही. मग बाभळीवरूनही भांडलो.