पास क्लासातला अण्णा

निपाणीच्या मुलींच्या शाळेत मी तिसरीचा पाढ्यांचा तास घेत होते. थोरल्या वहिनीचा भाऊ वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने पायातल्या वहाणा काढल्या. शाळेच्या दारात कुणी वहाणा काढत नाही. मी फळ्याकडे पाठ केली आणि त्याने काही सांगण्याआधीच मला कळलं, अण्णा गेला. मोटारीतून बेळगावकडे निघालो तेव्हा रडू आलं नाही, नुसता थकवा आला. तवंदीचा घाट गेला, काकती मागं पडली, शहापूरची कौलं दिसायला लागली आणि वाटलं, अण्णाही असाच थकून गेला असणार...

माझा थोरला भाऊ शंकर, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. आमचं घर विणकराचं. शहापुरातल्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरी माग, आणि वकील मात्र कोणत्याच घरात नव्हता. वडील, म्हणजे आमचे आप्पा, म्हणायचे की आपण आयुष्यभर दुसऱ्यांची लुगडी विणली, एकानं तरी काळा डगला घालावा. अण्णा बी. ए. झाला, मग कायद्याला गेला. शेवटच्या परीक्षेला मुंबईत बसला होता, एक पेपर राहिला होता आणि आप्पा गेल्याची तार त्याला मिळाली. बरोबरच्या पोरांनी समजावलं, उद्याचा पेपर देऊन जा, गेलेला माणूस काही परत येत नाही. त्याने ऐकलं नाही. मिळेल त्या गाडीने आला आणि आप्पांना अग्नी दिला.

राहिलेला पेपर त्याने पुढच्या परीक्षेत दिला. सगळ्या पेपरांचे गुण एकत्र केले तर पहिल्या वर्गाच्याही वर जात होते. पण विद्यापीठाचा तेव्हाचा नियम असा की सगळे पेपर एकाच बैठकीत देऊन उत्तीर्ण होईल त्यालाच वर्ग. गुणांची बेरीज होते ती त्याचीच, पहिला की दुसरा हे ठरतं ते त्याचंच. ज्याचा एखादा पेपर मागं राहिला तो कितीही हुशार असो, त्याला पास क्लास. निकालाच्या यादीत अण्णाचं नाव अगदी खाली, कसेबसे सुटलेल्यांच्या ओळीत आलं. सबजज्जाच्या जागेसाठी त्याने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा वर्ग विचारला गेला, आणि मग पुढं काही विचारलं गेलं नाही. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, बाप आणखी चार दिवस जगला असता तर पोरगा जज्ज झाला असता. अण्णा तिला कधी काही बोलला नाही. बेळगावच्या कोर्टात वकिली करत राहिला, लोक त्याच्या शब्दाला मान द्यायला लागले आणि आम्हांला वाटलं, तो ते विसरला.

मग आमच्याकडे कायद्याचं कॉलेज निघालं. अण्णाची वकिली पाहून त्याला तिथं शिकवायला बोलावलं, आणि काही वर्षांनी विद्यापीठानं परीक्षक नेमलं. त्याच्या वर्गात सदलग्याचा बाळगोंडा होता. शेतकऱ्याचं पोर, सायकलला पुस्तकं बांधून आमच्या घरी यायचा, वहिनीच्या हातची भाकरी खायचा आणि अण्णाशी वाद घालायचा. अण्णाशी वाद घालणारा तो एकटाच. शेवटच्या परीक्षेत त्याला मुदतीचा ताप आला. एक पेपर बुडाला. पुढच्या खेपेला तो दिला, आणि बेरीज केली तर दुसरा वर्ग सहज मिळत होता.

निकाल जाहीर होण्याआधी परीक्षकांची बैठक असते. तिथं काठावरच्या मुलांचा विचार होतो, कुणाला एखादा गुण द्यायचा, कुणाला नाही. त्या बैठकीत बाळगोंडाचं नाव निघालं. अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी अण्णाला विचारलं, मुलगा तुमचा आहे, तुम्ही शब्द दिलात तर खास बाब म्हणून वर्ग देऊन टाकू, कुणी हरकत घेणार नाही. अण्णाने शब्द दिला नाही. असं एकट्याला नको, नियमच बदला, म्हणाला. नियम बदलणं या बैठकीचं काम नव्हे, असं उत्तर आलं. बाळगोंडा पास क्लासात गेला.

हे मला वहिनीने सांगितलं. मी सुट्टीत आले होते. अण्णा ओसरीवर बसला होता, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तू तिथं असताना हे झालं?"

त्याने मला खाली बसवलं. मग म्हणाला, "मी तिथं होतो म्हणून त्याला मिळालं असतं, गोदे. ज्याचं कुणीच तिथं न्हाय, त्याचं काय?"

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. समोरच्या पोराचं आयुष्य हातात असताना न पाहिलेल्या पोरांचा विचार करायचा, हे मोठेपण की हट्ट, मला ठरवता येत नाही. बाळगोंडाने आमच्याकडे येणं सोडलं. चिकोडीच्या कोर्टात वकिली करू लागला. रस्त्यात भेटला तर अण्णाला नमस्कार करायचा, थांबायचा नाही.

त्यानंतर अण्णाने जे आरंभलं ते पाहून आम्हीच दमलो. दर वर्षी अर्ज, दर वर्षी मुंबईची फेरी. घरात मृत्यू झाला, मोठं दुखणं आलं, तर पेपर मागं राहिलेल्यालाही वर्ग द्यावा, एवढंच त्याचं मागणं. कुणी म्हणायचं, शिस्त मोडेल. कुणी तोंडावर म्हणायचं, वकीलसाहेब, तुमचं स्वतःचं दुखणं अजून बरं झालेलं दिसत नाही. तो परत यायचा, पाय धुवायचा आणि मक्याच्या कण्या खाऊन झोपायचा. केस पांढरे झाले, जिना चढताना दम लागायला लागला. वहिनी म्हणायची, आता पुरे करा. तो म्हणायचा, व्हय, पुरे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघायचा.

अखेर नियम बदलला. त्या दिवशी मी शहापुरातच होते. अण्णा स्टेशनवरून आला, टोपी खुंटीला लावली, चहा मागितला आणि म्हणाला, "झालं बघ." मी विचारलं, बाळगोंडाला आता मिळेल का? त्याने मान हलवली. मागचे निकाल धरत नाहीत म्हणाला. त्याचं स्वतःचं मी विचारलंच नाही. चहा निवून गेला. तो कप बाजूला सारून म्हणाला, "लई वेळ लागला गं..." त्याच्या आवाजात जिंकल्याचं काहीच नव्हतं. त्यानंतर तो जेमतेम एक पावसाळा जगला.

अण्णा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाळगोंडा आला. डोक्याचा रुमाल हातात, केस विरळ झालेले. भिंतीला टेकून बसला. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर खाली बघतच बोलला, "आक्का, खोटं कशाला बोलू. माझा राग गेलेला न्हाय. पण सरांनी माझ्यासाठी जेवढे हेलपाटे घातले तेवढे माझ्या बापानं बी घातले नसते." वहिनी आतून भाकरी घेऊन आली. तो नको म्हणाला नाही. खाल्ली आणि गेला.

आता महिना होऊन गेला. मी दर शनिवारी जाते. घरात दोन माग आहेत, धाकटा भाऊ आणि त्याचा मुलगा चालवतात. दुपारची जेवणं झाली की अण्णा पुढच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासायला बसायचा. गुणांची बेरीज तो पुटपुटत करायचा, वरून खाली आणि मग खालून वर, आणि मागाच्या आवाजात चुकेल म्हणून घरातले तेवढा वेळ माग थांबवायचे. परवा मी गेले तेव्हा जेवणं उरकली आणि दोन्ही माग थांबले. कुणी सांगितलं नव्हतं. धाकटा मागाचा धोटा हातात धरून तसाच बसून राहिला. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं, आत कुणीच नव्हतं, आणि आम्ही सगळे त्या शांततेत बसून होतो... शेवटी वहिनीनेच आतून हळू आवाजात सांगितलं, "चालवा रं आता."