बुधवारी आजी घरी नसतात

सगळी गल्ली त्यांना कंडक्टर आजी म्हणायची. उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली होती. निवृत्त झाल्या तरी आवाजातली जरब काही निवृत्त झाली नव्हती. त्यांनी नुसतं "पुढे सरका" म्हटलं, तरी भाजीच्या दुकानातली रांग मुकाट हलायची.

घरात मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, त्यामुळे मुलांचं बरंचसं आजींकडे. दुधापेक्षा सायीवर माया जास्त म्हणतात, तसंच ते होतं. आजींची त्याबद्दल तक्रार नव्हती.

सून पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. एका संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं, की लांबच्या एका पुलाचं सगळं काम तिच्या हाती देतायत. पण वर्षभर तिथेच राहावं लागेल, घरी यायचं ते शनिवार-रविवार. उद्या नाही म्हणून कळवते, असंही तिनेच म्हणून टाकलं. मुलाने हळूच सुटकेचा श्वास सोडला. आजींनी तो बरोबर टिपला.

"नाही का म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"मुलं लहान आहेत, आई."

"मुलांना बाप आहे. मीही आहे. तू जा."

सून गेली. मुलाने मात्र त्यातलं 'मीही आहे' एवढंच ऐकलं होतं. तो पूर्वीपेक्षाही उशिरा येऊ लागला. कुणी काही विचारलं, की आई आहे ना घरी, हे पालुपद ठरलेलं. आजींनी एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी बजावलं, की बुधवारी संध्याकाळी डेपोतल्या जुन्या मैत्रिणींबरोबर माझा पत्त्यांचा डाव असतो, त्या दिवशी तू वेळेवर यायचंस. त्याने फोनमधून डोकं वर न काढता मान डोलावली.

बुधवार आला, मुलगा आला नाही. फोनही उचलेना. आजींनी आदळआपट केली नाही. नातवंडांना बूट-मोजे घातले, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि बस पकडून थेट मुलाचं ऑफिस गाठलं. दोघांना तिथल्या मऊ सोफ्यावर बसवलं. मीटिंगमधून मुलगा बाहेर आला तो साहेबांच्या मागोमाग. मुलांना पाहून त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"धाकट्याला शू लागली की तो एका पायावर उभा राहतो," आजी शांतपणे म्हणाल्या. "लक्ष ठेव. मी निघते."

पत्ते खेळताना त्यांचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं, हातचा हुकूम फुकट गेला. पण त्या उठल्या नाहीत.

दोन दिवस मुलगा धुमसत होता. पुढच्या बुधवारी मात्र दिवेलागणीच्या आधीच त्याचे बूट दारात दिसले. मग हळूहळू गाडी रुळावर आली. पहिल्या दिवशी त्याच्या हातून भाताची खळ झाली. नातीच्या वेण्या दाव्यासारख्या वळल्या गेल्या आणि ती तशीच शाळेत जाऊन मैत्रिणींना अभिमानाने दाखवून आली. आजींना राहवत नव्हतं, पण त्यांनी हात मागे बांधून ठेवले.

एका दुपारी धाकट्याला सणकून ताप भरला. आजी त्याला मांडीवर घेऊन बसल्या, कपाळावर घड्या ठेवल्या. पण तो हुंदके देत एकच घोकत होता, "बाबा पाहिजे." आजींचा फोन जाताच मुलगा हातातलं काम टाकून आला. पोराने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दोन मिनिटांत झोपून गेलं.

ओलं फडकं हातात धरून आजी दारात उभ्या राहिल्या. आजवर हे पोर आजारपणात त्यांच्याशिवाय कुणाकडे जात नव्हतं. मग त्यांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि सुनेला फोन लावला. ती लगेच निघते म्हणाली.

"नको. बापाजवळ झोपलाय," आजी म्हणाल्या, आणि ते सांगताना त्यांचा त्यांनाच अभिमान वाटला.

पूल पुरा झाला, सून घरी परतली. घरातली कामं आता तिघांत वाटली गेलेली होती. तुमचा वेळ मोकळा झाला, आता काय करणार, असं तिने विचारलं.

"पोहायला शिकणार," आजी म्हणाल्या. "नाव घालून आलेय. आमच्या ज्येष्ठांच्या तुकडीत सगळ्यात लहान मीच."