शेवंतीकाकीचं हिरवं स्वयंपाकघर

आमची शेवंतीकाकी मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर मासे विकायची. गिऱ्हाईक एक वेळ पळून जाईल, पण काकी गप्प बसायची नाही. माझी सख्खी काकी, म्हणून बिनधास्त सांगतो.

अठ्ठावन्न साली तिच्या मुलाचं, गुरुदासचं लग्न झालं. सून विमला वेंगुर्ल्याची, माहेरच्या भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र. इथे चुलीच्या धुरानं स्वयंपाकघर काळंकुट्ट. तिसऱ्या महिन्यात विमला एवढंच म्हणाली, "आये, ह्या काळोखात मीठ खंय आणि साखर खंय, ता माका दिसना नाय."

झालं! काकी कडाडली, "मगे बापाशीक सांग, आरशाची खोली बांधून दी म्हणान!"

विमला दुसऱ्या दिवशी माहेरी गेली ती गेलीच. दोन महिने गुरुदास ताटाकडे नुसता बघत बसायचा. काकीलाही सून परत हवी होती, जिवापाड हवी होती. पण कबूल करेल तर ती काकी कसली! शेवटी एका बुधवारी मुलावर खेकसली, "जा, घेवन ये तिका. आयतवारपर्यंत खोली झकास करतंय."

चुन्याला पैसे लागतात. होडी रंगवून उरलेला हिरवा रंग मात्र पडवीत फुकट पडला होता. तो पुरेना, म्हणून काकीनं त्यात मोरी माशाच्या काळजाचं तेल ओतलं. होडीच्या लाकडाला आम्ही तेच चोळतो, पाणी लागत नाही. होडी वाऱ्यावर असते आणि चूल बंद खोलीत, एवढं तिच्या डोक्यात आलं नाही. आणि जन्मभर मासळीची पाटी वाहिलेल्या बाईच्या नाकाला तो वास, वास म्हणून कळलाच नाही. भिंती, फळी, खिडकी, सगळं हिरवंगार!

मी म्हटलं, "काकी, चूल दर्यात सोडतंस काय?"

"मेल्या, नजर लावू नको!"

रविवारी विमला आली. हिरव्या भिंती बघितल्या आणि चहासाठी चूल पेटवली. भिंत तापली आणि तेल पाझरायला लागलं. अगो बाय गो, काय तो वास! शेजारची नर्मदा कुंपणापलीकडून ओरडली, "कोण मेला गो थंय?" वाडीतली सात मांजरं आत घुसली. त्यातलं एक तर फळीवर चढून भिंत चाटायला लागलं.

विमला खोकत बाहेर आली आणि तडक आपल्या पत्र्याच्या पेटीकडे गेली. काकीचा चेहरा खर्रकन उतरला. कोपरापर्यंत हिरवे झालेले हात तिला कुठे ठेवावेत कळेना.

"जा गो बाय," ती म्हणाली. "माझाच चुकला. तुका उजेड व्हयो होतो, म्हणान केलंय."

विमलानं पेटीतून जुनं लुगडं काढलं, नेसून पदर खोचला आणि चुलीपुढची गार राख भिंती घासायला सुपात भरली.

"गप रवा, आये. आधी ह्या खरवडूया. मगे चुनो मारूया, दोघी मिळान."

काकी उंबऱ्यावरच बसली आणि ढसाढसा रडली. काका दर्यावरून परत आला नाही, तेव्हासुद्धा मी तिला रडताना बघितलं नव्हतं.